कानावरचा पिवळा खडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. 'माझं मत' हे दोन शब्द मी आधी टाइप केले होते. मग मागं जाऊन खोडले. घाईत राहून गेले असतील, असं मी पुढं कैक दिवस स्वतःला समजावत राहिलो. पण राहून गेलेलं आणि हातानं खोडलेलं यातला फरक बोटाला कळतो.

ते शब्द माझे नव्हते, बप्पांचे होते. म्हणून आधी बप्पा सांगतो.

उजव्या कानावर पिवळा खडू, ही बप्पांची खूण. सुतार पेन्सिल ठेवतो तसा. पांढरा खडू हातात आणि पिवळा कानावर. त्यामुळं टोपीखालचा तेवढा एक कान कायम हळद लागल्यासारखा दिसायचा. लग्नसराईत गावात आलेला एखादा पाहुणा हटकून विचारायचा, "काय काका, हळदीला जाऊन आलात का?"

"म्हातारपणी कोण लावतंय? म्हणून आपली आपण लावली," बप्पा म्हणायचे.

बायको लवकर गेली होती. मूलबाळ नव्हतं. एसटीत कंट्रोलर होते, आमच्याच स्टँडवरून निवृत्त झाले आणि स्टँड काही सोडवेना म्हणून लगतच्या वाचनालयामागच्या खोलीत राहायला आले. वाचनालयाच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, एक मोठा काळा फळा होता. तो रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचा, वर पांढऱ्या खडूनं बातम्या लिहायच्या आणि खाली वीतभर पट्टीत पिवळ्या खडूनं स्वतःचं म्हणणं. या कामाला त्यांना कुणी नेमलं नव्हतं. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान फळ्याला चिकटूनच आहे. तेव्हा त्यांचं लिहिणं मी रोज बघितलेलं आहे, आणि हे वाक्य पुढं लक्षात ठेवा.

दोन खडू ही सवय नोकरीतली. खिडकीशी गर्दी करून लोक विचारायचे, "तुळजापूर गाडी कधी येणार?" बप्पा म्हणायचे, "टाइम साडेनऊचा. हे महामंडळाचं झालं. आता माझं इचारशील, तर घरी जाऊन जेवून ये." लोक हसत आणि खरंच जेवून येत. कधी गाडी त्याच दिवशी नेमकी वेळेवर यायची आणि निघून जायची. मग शिव्या. बप्पा शांत. "मी माझं म्हणूनच सांगितलं हुतं. महामंडळाचं ऐकायचं हुतंस."

बातमी घेऊन येणाऱ्याला त्यांचा एकच सवाल असायचा. "बघितलं का ऐकलं?" ऐकलं म्हटलं, की "कुणाकडनं?" मग त्याला फोन, आणि पुन्हा तेच. शेवटचा माणूस 'बघितलं' म्हणेपर्यंत पांढरा खडू फळ्याला लागायचा नाही. त्यामुळं आमच्या फळ्यावरच्या बातम्या कैकदा शिळ्या असायच्या. आम्ही चेष्टा करायचो, की गावात कुणी मेलं तर बप्पा तेराव्याला लिहितील.

एकदा मात्र पांढरा चुकला. सकाळच्या एका गाडीची बदललेली वेळ त्यांनी चुकीची लिहिली आणि पाचसहा माणसांची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बाकी काही नाही, मधोमध एवढंच: 'काल फळा चुकला.' आणि पहिल्या गाडीपासून बप्पा फळ्याखाली उभे. येईल त्याला सांगायचे, "काल चुकीचं लिहिलं हुतं बरं का." ज्यांना त्या गाडीशी काही घेणंदेणं नव्हतं त्यांनाही सांगायचे.

पिवळा मात्र रोज चुकायचा आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नसायचं. निवडणुकीत कोण येणार हे ते ठणकावून लिहायचे, आणि तो हमखास पडायचा. एकदा तर सदस्यपदाला उभा राहिलेला एक उमेदवार दुकानामागं त्यांना गाठून हात जोडताना मी बघितला. "बप्पा, एवढं करा. मी पडणार म्हणून लिहा."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं मत सगळे वाचतात आणि कुणीच मानत नाही, आणि तरी ते नसलं तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. पिवळी पट्टी तशी होती. लोक आधी खालची पट्टी वाचायचे, हसायचे, मग मान वर करून बातम्या.

ती पट्टी सगळ्यात मन लावून वाचायचे ते आप्पा. आप्पांची पिठाची गिरणी. संध्याकाळी गिरणी बंद करून, भुवयांपर्यंत पांढरे होऊन ते स्टँडवर यायचे, फळ्यापुढं उभे राहून पट्टी वाचायचे आणि तिथूनच सुरू व्हायचे.

"कंट्रोलर, तुझी गाडी आज पण खड्ड्यात गेली बघ."

"तू पीठ झटक आधी. अक्षर दिसतंय का तुला?"

"दिसतंय की. ह्याच्यापरीस माझ्या गिरणीचा पट्टा बरं लिहील."

मग बाकड्यावर बसून दोन ग्लास चहा आणि तासभर भांडण. आप्पांना चिडवायचं म्हणून बप्पा कित्येकदा मुद्दाम उलटं लिहीत. मला सांगायचे, "बघ आता, कसा शिव्या देत येतोय." आणि आप्पा तसेच यायचे.

मग मोबाइल आला. गावाचा ग्रुप निघाला, ॲडमिन मी. फळ्याचा फोटो काढून टाकायला लागलो, पण दुपारच्या उन्हात फळा चमकायचा, बाहेरगावच्या पोरांना अक्षर लागायचं नाही. म्हणून मजकूर टाइप करायला लागलो. पहिल्याच दिवशी बप्पांनी मला दुकानात येऊन बजावलं.

"तुझ्या मोबाइलमधी पिवळा खडू हाय का?"

"तसा नाही, बप्पा."

"मग माझ्या पट्टीच्या आधी 'माझं मत' असं लिहीत जा. त्याच्याबिगर माझं काय धाडू नगस."

मी तसं करत आलो. बप्पांकडं बटणाचा साधा फोन. ग्रुप त्यांनी कधी बघितला नाही, माझ्या शब्दावर सोडून दिला होता. हळूहळू फळ्यापुढची माणसं कमी झाली. बप्पा लिहीत राहिले. आता वाचायला एक आप्पा, आणि टाइप करायला एक मी.

आता माझ्या मनातलं सांगतो. गावाला माकणीच्या धरणातून पाणी आणायची योजना आली. टाकीचं काम बघायला गावची समिती झाली आणि आप्पा तिचे अध्यक्ष झाले. समितीत आपलं नाव असावं असं मला फार वाटत होतं. फॉर्म मीच भरलेले, कागद मीच काढलेले. आप्पा हसून म्हणाले, "तू दुकान बघ रे. तुला पाण्यातलं काय कळतंय?" चार लोकांत म्हणाले. त्यांच्या ते ध्यानातही राहिलं नसेल. माझ्या राहिलं.

टाकी झाली, पाणी भरून बघितलं, आणि गळती निघाली. इंजिनिअर येऊन काम थांबवून गेला. आप्पा तेव्हा गावात नव्हते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला लेकीकडं गेलेले, आणि त्यांचं येणं लांबलं होतं. बप्पा संध्याकाळी बाकड्यावर एकटेच बसायचे. चहावाला सवयीनं दोन ग्लास आणायचा आणि एक परत न्यायचा.

त्या सकाळी बप्पांनी पांढऱ्यानं लिहिलं: 'पाण्याच्या टाकीला चाचणीत गळती. इंजिनिअरनं काम थांबवलं.' इंजिनिअरला ते स्वतः भेटून आले होते. मग कानावरचा पिवळा काढला, थोडा वेळ माझ्याकडं बघून हसले आणि पट्टीत लिहिलं: 'समिती झोपली होती, आणि उशी ठेकेदाराची होती.'

"बप्पा, आप्पा चिडतील," मी म्हणालो.

"चिडू दे की. लेकीकडं रुतून बसलाय. हे कळलं की बघ, डोळ्याची पट्टी सोडून पळत येतोय का न्हाय. त्याच्याबिगर करमंना झालंय गड्या."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकून दुकानात गेलो. टाइप केलं. बातमी, मग 'माझं मत', मग उशीचं वाक्य. वाचून बघितलं. आप्पांचं ते हसणं आठवलं. दोन शब्द खोडले. तिन्ही वाक्यं एका ओळीत आली, खाली नेहमीसारखं 'फळ्यावरून' लिहिलं आणि पाठवलं.

दोन शब्दांनी काय होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण बप्पांच्या बातमीला गावात किंमत होती. तीनतीन ठिकाणी फोन करून लिहिणारा माणूस. तोच म्हणतोय म्हटल्यावर लोकांनी विचारच केला नाही. दुपारपर्यंत ते वाक्य लाल पट्टीत घालून, वर 'मोठी बातमी' लिहून माझ्याकडंच परत आलं. निवडणूक तोंडावर होती. समोरच्या पार्टीच्या पोरांनी आप्पांच्या फोटोखाली उशीचं चित्र लावलं. कुणी लिहिलं, 'पुरावा काय?' त्याला लगेच उत्तर, 'बप्पांनी लिहिलंय, अजून काय पायजे?' मी ॲडमिन. सगळं वाचत बसलो. संध्याकाळी फळ्यापाशी गेलो. पट्टी पिवळीधमक होती. बप्पा एकटेच बाकड्यावर बसून सोलापूरकडनं येणाऱ्या गाड्या बघत होते.

दुसऱ्या सकाळी आप्पांच्या दाराला एक जुनी, कापूस निघालेली उशी टांगलेली होती. तोवर बप्पांनी फळा रोजच्यासारखा पुसलेला होता.

आप्पा आले. बप्पांचा तेवढा एक अंदाज खरा ठरला. डोळ्यावर काळा चष्मा, हातात पिशवी, गाडीतून उतरले ते सरळ बाकड्यापाशी. बप्पा उठून उभे राहिले, तोंडभर हसू.

"आलास का! बस. चहा सांगतो."

"कंट्रोलर, तू लिहिलंस?"

"लिहिलं की. त्याच्याबिगर आला असतास का?"

"उशी ठेकेदाराची म्हणून?"

"अरे, पिवळ्यानं लिहिलं हुतं. माझा पिवळा जन्मात कधी खरा निघालाय का?"

"मला पिवळं काय न् निळं काय. डोळ्याला पट्टी हुती. जावयानं वाचून दाखवलं. बातमी म्हणून वाचलं, चार सोयरे बसले असताना." आप्पांनी हातातली पिशवी बाकड्यावर आपटली. "आन् दारात उशी टांगली, ती पण पिवळ्यानं टांगली का?"

उशीचं बप्पांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ते एकदम माझ्याकडं वळले. मी काउंटरमागं होतो, कागद सरळ करत.

"अरे, सांग की ह्याला. तू रोज बघतोस. पिवळ्यानं हुतं का न्हवतं?"

आप्पांनीही माझ्याकडं बघितलं. काळ्या चष्म्यातून काय दिसत होतं कुणास ठाऊक.

"माझं लक्ष नव्हतं, बप्पा," मी म्हणालो. "गिऱ्हाईक होतं."

आप्पा म्हणाले, "बघ. तुझ्या शेजाऱ्याला पण दिसला न्हाय तुझा पिवळा." आणि पिशवी उचलून गेले. तेवढ्यात चहा आला, दोन ग्लास. बप्पांनी दोन्हींकडं बघितलं आणि एकही उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. स्टुलावर बसले.

"तू 'माझं मत' लिहिलं हुतंस न्हवं?"

"लिहिलं होतं, बप्पा."

"मग लोकांनी वाचलं न्हाय." मग म्हणाले, "लोकांचं तरी काय? दोन शब्दांनी कुठं रंग येतोय? मीच तुला सांगितलं, दोन शब्द लिही म्हणून. चूक माझीच हाय."

मी मान हलवली. त्यांच्या चुकीला मी मान हलवली.

त्यांनी कानावरचा खडू काढून माझ्या काउंटरवर ठेवला. "ह्यो तुझ्याकडं ठेव. मला आता लागत न्हाय."

त्या दिवसापासून फळ्यावर नुसता पांढरा खडू. गाड्यांच्या वेळा, दवाखान्याचं शिबिर, बाजारभाव. खालची वीतभर पट्टी काळी. गिऱ्हाइकं विचारायची, "बप्पा, तुमचं काय म्हणणं हाय ह्यावर?" "माझं काय न्हाय," ते म्हणायचे. हळूहळू लोकांनी विचारायचं सोडलं. कानावरचं पिवळं पुसट होत गेलं आणि एक दिवस तो दुसऱ्या कानासारखा झाला. तुम्हाला वाटेल, यात काय बघायचं? मी रोज तो कान बघत होतो.

पुढं टाकीची चौकशी झाली. पाइपाचा एक सांधाच मुळात खराब निघाला. समितीनं त्याबद्दल ठेकेदाराला आधीच हटकलेलं होतं, आप्पांनी तर दोनदा. म्हणजे बप्पांचा पिवळा नेहमीसारखा साफ चुकलेला होता. पिवळ्यातच राहिला असता तर आप्पांनी महिनाभर त्यावरून चहा उकळला असता. बप्पांनी पूर्ण फळा भरून लिहिलं: 'टाकीच्या गळतीत समितीची चूक नव्हती.' आणि सकाळी पहिल्या गाडीपासून फळ्याखाली उभे राहिले, येईल त्याला सांगत. मी ते ग्रुपवर टाकलं. दोघांनी अंगठा दाखवला. लाल पट्टी कुणी लावली नाही.

आप्पा गिरणीतून घरी जायला मागच्या गल्लीनं जाऊ लागले होते. त्यांच्यापर्यंत फळ्याचं गेलं, तेव्हा म्हणाले म्हणे, "चूक न्हवती हे मला ठाऊकच हुतं. त्याला ठाऊक न्हवतं का?"

बप्पा आजारी पडले तेव्हा धाराशिवच्या दवाखान्यात मीच त्यांना पोचवलं. दोन दिवसांनी भेटायला गेलो. खाटेवर अगदी लहान दिसत होते. टोपी उशाशी. शेजारच्या खाटांभोवती माणसं होती, डबे होते, यांच्यापाशी कुणी नाही. मला बघून त्यांना आनंद झाला. कुठली गाडी मिळाली, वेळेवर होती का, हे सगळं विचारून घेतलं.

मी म्हणालो, "बप्पा, एक सांगायचंय."

"बातमी हाय का तुझं हाय?"

"माझं हाय."

त्यांनी उशीवरनं मान जरा उचलली. "मग सांग की. लई दिवसांत कुणी आपलं असं काय सांगितलं न्हाय बघ."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, "दुकान आता पोराकडं द्यावं म्हणतोय."

त्यांनी मान परत उशीवर टेकवली. "बरं हाय," म्हणाले. मग म्हणाले, "जा आता. लोहाऱ्याची गाडी लागंल. तिच्यानंतर आपल्याकडं थेट गाडी न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. फळा मी पुसला आणि पांढऱ्यानं लिहिलं: 'बप्पा गेले.' ड्रॉवरमधून पिवळा खडू काढला, पट्टीपाशी नेला. काही लिहिता आलं नाही. परत ठेवला.

माती झाल्यावर लोक पांगले आणि आप्पा कितीतरी दिवसांनी फळ्यापुढं येऊन उभे राहिले. पीठ झटकलेलं, धुतलेलं धोतर. दोन शब्दांची बातमी वाचायला त्यांना फार वेळ लागला. नजर खाली पट्टीवर गेली आणि तिथंच राहिली.

"खाली काय लिहिलं न्हाय?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाय आप्पा."

"त्यानं सोडलंच हुतं म्हणं."

"व्हय."

"लई वाईट लिहायचा," आप्पा म्हणाले, आणि बाकड्यावर बसले. चहावाल्यानं आपण होऊन दोन ग्लास आणले. ते त्यांनी परत पाठवले नाहीत.

आता आप्पा रोज संध्याकाळी तिथं येऊन बसतात. माझ्या दुकानातून त्यांची पाठ दिसते. फळ्यावर आता कुठल्याशा क्लासची जाहिरात चिकटवलेली आहे. ग्रुप जोरात चालू आहे आणि ॲडमिन अजून मीच आहे. त्यात काय कुणी बघितलं, काय ऐकलं आणि काय नुसतं त्याचं म्हणणं आहे, हे कुणी विचारत नाही. विचारायचा हक्क मला तर नाहीच.

बप्पांचं राहिलं ते राहिलं. आप्पा आहेत. खडू पिवळाच होता, दोन शब्द मी खोडले, विचारलं तेव्हा खोटं बोललो, आणि ती ओळ बप्पांनी त्यांना गावी बोलवायला लिहिलेली होती, हे आप्पांच्या शेजारी बाकड्यावर बसून त्यांना सांगायचं आहे. मग तेच ग्रुपवर, माझ्या नावानं. यातलं काहीच मी अजून केलेलं नाही. एवढं माझ्याकडं बाकी आहे.